तळातल्या जिवांची साक्ष

नदीचे पाणी चांगले आहे की बिघडले आहे, हे ठरवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला जातो आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, आम्लता किती, नायट्रेट, फॉस्फेट आणि जड धातू किती, याचे मोजमाप होते. दुसऱ्या रीतीत त्या पाण्यात कोण राहते हे पाहिले जाते. नदीच्या तळाशी दगडगोट्यांखाली, वाळूत आणि गाळात जे लहान जीव आपले आयुष्य काढतात, त्यांची नोंद घेऊन त्यांच्यावरून पाण्याची प्रत ठरवली जाते. पहिली रीत सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी शंभर वर्षांहून जुनी असून युरोपात तिला कायद्याचा आधार मिळाला आहे, भारतातही तिचे अधिकृत निकष तयार आहेत, आणि तरीही आपल्याकडे नद्यांच्या प्रदूषणाची चर्चा निघते तेव्हा तिचे नाव क्वचितच कानी पडते. ही उपेक्षा नद्यांना महाग पडणारी आहे, कारण तळातले जीव जे सांगतात, त्यातले बरेचसे बाटलीतल्या पाण्याला ठाऊकच नसते.

तळजीव म्हणजे कोण

ज्या प्राण्यांना पाठीचा कणा नसतो त्यांना अपृष्ठवंशी म्हणतात, आणि त्यांपैकी जे नदी, ओढा किंवा तलावाच्या तळाला धरून राहतात आणि नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतात, त्यांना या लेखात तळजीव असे म्हटले आहे. शास्त्रज्ञ व्यवहारात आकाराची एक मर्यादा पाळतात: साधारण अर्ध्या मिलिमीटरची छिद्रे असलेल्या जाळीत जे अडकून राहतात, ते या वर्गात धरले जातात. खेकडे, झिंगे, गोगलगायी, शिंपले, जळवा आणि गांडुळाच्या नात्यातले बारीक कृमी हे सगळे त्यात येतात. मात्र संख्येने आणि विविधतेने सर्वांत मोठा भरणा कीटकांचा असतो. पावसाळ्यानंतर पाण्यावर भिरभिरणारे चतुर आणि टाचण्या सर्वांनी पाहिलेल्या असतात, पण त्यांचे बालपण पाण्याखाली जाते आणि पंख फुटेपर्यंत त्यांची पिल्ले तळाशी शिकार करून जगतात, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या तीन कीटकगटांचेही तसेच आहे. मेफ्लायचा प्रौढ कीटक काही तास किंवा फार तर काही दिवस जगतो आणि त्या काळात काही खातही नाही. त्याचे खरे आयुष्य म्हणजे पाण्याखाली पिल्लू म्हणून काढलेले काही आठवडे, काही महिने किंवा थंड प्रदेशात एखाद-दोन वर्षे.

या जिवांची नदीतली कामेही वाटलेली असतात. काही जण काठच्या झाडांची पडलेली पाने कुरतडून त्यांचा चुरा करतात, काही गोट्यांवरचे शेवाळ खरवडून खातात, काही वाहत्या पाण्यातले अन्नकण गाळून घेतात, तर काही या साऱ्यांवर ताव मारतात. आणि शेवटी मासे, बेडूक आणि पाणपक्षी यांचे पोट याच जिवांवर भरते. तळजीव नाहीसे झाले की नदीचा हा सारा संसार आतून मोडतो, मग वरून पाणी कितीही नितळ दिसो.

बाटलीतला क्षण आणि तळातले महिने

रासायनिक तपासणीचे मोल मोठे आहे, परंतु तिची एक अंगभूत मर्यादा आहे. बाटली ज्या क्षणी पाण्यात बुडवली, त्या क्षणाचेच पाणी तिच्यात येते. एखाद्या नाल्यातून रात्री दोन तास विषारी सांडपाणी सोडले गेले आणि नमुना दुसऱ्या दिवशी दुपारी घेतला गेला, तर तोवर ते पाणी कित्येक किलोमीटर पुढे निघून गेलेले असते आणि अहवालात सारे ठीक असल्याची नोंद होते.

ऑक्सिजनच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. नदीत शेवाळ माजले असेल तर दिवसा सूर्यप्रकाशात ते भरपूर ऑक्सिजन सोडते, त्यामुळे दुपारच्या मोजणीत आकडा उत्तम येतो. पण रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, शेवाळ आणि जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजन वापरत राहतात, आणि पहाटेच्या सुमारास पाणी जिवांना गुदमरवण्याइतके रिते होऊ शकते. पहाटे चार वाजता बाटली भरायला सहसा कोणी जात नाही. तळजीव मात्र तिथेच असतात. ते माशांसारखे झपाट्याने दूर पोहून जाऊ शकत नाहीत; आलेल्या प्रत्येक रात्रीला, प्रत्येक लोंढ्याला त्यांना तोंड द्यावे लागते, आणि जे ते सोसू शकत नाहीत ते मरतात किंवा प्रवाहाबरोबर वाहून जातात. त्यामुळे एखाद्या ठिकाणी आज कोणते तळजीव सापडतात यावरून तिथल्या पाण्याची गेल्या अनेक आठवड्यांची, कधी कधी अनेक महिन्यांची हकीकत वाचता येते. ज्या जिवांच्या असण्या-नसण्यावरून परिसराची स्थिती कळते त्यांना जैवनिर्देशक म्हणतात, आणि नदीपुरते बोलायचे तर तळजिवांहून अधिक सोयीचे जैवनिर्देशक मिळणे कठीण आहे, कारण ते जवळजवळ सर्वत्र सापडतात, साध्या जाळीने पकडता येतात आणि प्रदूषण सोसण्याची त्यांची ताकद गटागणिक वेगवेगळी असते.

श्वासावरून ओळख

ही ताकद वेगवेगळी का असते, याचे उत्तर बव्हंशी श्वसनात आहे. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो; पाण्यात तो फारच थोडा विरघळतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. नदीत मैला, अन्नाचे अवशेष, साखर कारखान्याची मळी असे सेंद्रिय द्रव्य मिसळले की ते कुजवणारे जिवाणू हा तुटपुंजा साठा भराभर संपवतात. कुजवण्याच्या या कामाला किती ऑक्सिजन लागेल, याच्या मापाला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणजेच बीओडी म्हणतात. बीओडी जितकी जास्त, तितकी पाण्यात सेंद्रिय घाण जास्त.

अशा पाण्यात प्रथम बळी जातो तो स्टोनफ्लायचा. तिच्या पिल्लाला मागे दोन शेपट्या असतात, शरीर चपटे असते आणि ते थंड, खळाळत्या, ऑक्सिजनने समृद्ध पाण्यातल्या दगडांना चिकटून राहते. ऑक्सिजन कमी पडू लागला की हे पिल्लू पाय रोवून आपले शरीर वर-खाली हलवू लागते. आखाड्यात पहिलवान जोर काढतो, तशीच ही हालचाल दिसते. तिच्यामुळे कल्ल्यांभोवतीचे पाणी हलते आणि नव्या पाण्यातला ऑक्सिजन मिळतो. जोर काढूनही भागले नाही तर मात्र त्याचा निभाव लागत नाही. मेफ्लायच्या बहुतेक पिल्लांना तीन शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे किंवा पिसांसारखे नाजूक कल्ले असतात. गाळाने ते माखले की श्वास कोंडतो. कॅडिसफ्लायच्या अनेक अळ्या आपल्या लाळेतल्या रेशमाने वाळूचे कण, काड्या आणि पानांचे तुकडे सांधून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधतात, तर काही अळ्या गोट्यांमध्ये बारीक जाळे विणून वाहत्या पाण्यातले अन्न धरतात. या तीन गटांची विविधता हे चांगल्या पाण्याचे लक्षण मानले जाते.

याच्या दुसऱ्या टोकाला रक्तकृमी असतात. नाव कृमी असले तरी या कायरोनोमिड नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कीटकाच्या अळ्या होत. त्यांतल्या अनेकांच्या शरीरात माणसाच्या रक्तात असते तसे हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या लालभडक दिसतात आणि अगदी थोडा ऑक्सिजनही पकडून ठेवू शकतात. त्यांच्या सोबतीला ट्युबिफेक्स हे दोऱ्यासारखे लाल कृमी असतात. मत्स्यालयांच्या दुकानांत माशांचे खाद्य म्हणून विकले जातात ते हेच. ट्युबिफेक्स डोके गाळात खुपसून शेपूट पाण्यात हलवत राहतो, आणि ऑक्सिजन जितका कमी, तितकी अधिक लांब शेपूट बाहेर काढतो. याहूनही वाईट पाण्यात एका माशीची अळी सापडते. तिला उंदराच्या शेपटासारखी लांब नळी असते आणि ती नळी पाण्याबाहेर काढून थेट हवेतला ऑक्सिजन घेत असल्याने पाण्यात ऑक्सिजन असला काय आणि नसला काय, तिचे काही अडत नाही.

एखाद्या शहराचा मोठा नाला नदीला मिळतो तिथून प्रवाहाच्या दिशेने चालत गेले, तर हे सारे गट ठरलेल्या क्रमाने भेटतात. नाल्याच्या वर मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, चतुर असे अनेक प्रकारचे आणि प्रत्येकी थोडे जीव असतात. नाल्याखाली प्रकार घटून दोन-तीनच उरतात, पण त्या दोन-तिघांची संख्या अफाट होते, कारण खायला गाळ मुबलक असतो आणि खाणारे शत्रू उरलेले नसतात. आणखी पुढे, घाण कुजून संपत आली की प्रथम गोगलगायी आणि जळवा, मग काटक मेफ्लाय आणि शेवटी नाजूक जीव परततात. प्रकार कमी आणि संख्या प्रचंड, हीच सेंद्रिय प्रदूषणाची ठळक खूण आहे.

निरीक्षणापासून गुणांकापर्यंत

या क्रमाला शास्त्राचे रूप दिले ते जर्मनीच्या रिचर्ड कोल्कविट्झ आणि मॅक्सिमिलियन मार्सोन यांनी. १९०२ मध्ये त्यांनी आपली कल्पना मांडली आणि १९०८ व १९०९ मध्ये अनुक्रमे वनस्पती आणि प्राणी यांच्या सविस्तर याद्या प्रसिद्ध करून कोणता जीव किती कुजलेल्या पाण्यात राहतो, हे नोंदवले. कुजणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांच्या पद्धतीला सॅप्रोबिक पद्धत असे नाव पडले. तिचा दोष एवढाच होता की तिच्यात जीव जातीपर्यंत ओळखावा लागे, आणि ते काम मोजक्या तज्ज्ञांनाच जमणारे होते.

ती सोपी करण्याचे काम इंग्लंडमध्ये झाले. मध्य इंग्लंडच्या औद्योगिक पट्ट्यातून वाहणाऱ्या ट्रेंट नदीसाठी वुडिविस यांनी १९६४ मध्ये एक निर्देशांक प्रसिद्ध केला, ज्यात जिवांच्या ठरावीक गटांच्या उपस्थितीवरून नदीला शून्य ते दहा असे गुण मिळत. पुढे १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये नेमलेल्या जैविक निरीक्षण कार्यगटाने सर्व नद्यांना लागू पडेल अशी गुणपद्धती तयार केली आणि ती त्या गटाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बीएमडब्ल्यूपी या नावाने जगभर पसरली. तिच्यात जात ओळखण्याची गरज नाही, कुल ओळखले की पुरते. कुल म्हणजे एकमेकींच्या जवळच्या अनेक जातींचा मोठा परिवार. प्रत्येक कुलाला त्याच्या नाजूकपणानुसार १ ते १० गुण दिलेले आहेत. सापडलेल्या कुलांच्या गुणांची बेरीज करायची आणि तिला कुलांच्या संख्येने भागून सरासरी काढायची, एवढेच गणित.

उदाहरणादाखल समजा, एका ओढ्यात स्टोनफ्लायचे पर्लिडी हे कुल (१० गुण), दगडाला चिकटणाऱ्या चपट्या मेफ्लायचे हेप्टाजेनिइडी (१०), वाळूत दडणाऱ्या चतुरांचे गोम्फिडी (८), जाळे विणणाऱ्या कॅडिसफ्लायचे हायड्रोप्सायकिडी (५) आणि काटक मेफ्लायचे बेटिडी (४) अशी पाच कुले मिळाली. बेरीज ३७ आणि सरासरी ७.४. त्याच ओढ्यात वस्तीच्या खाली पाण्यातल्या गोगलगायी (३), रक्तकृमी (२) आणि ट्युबिफेक्ससारखे कृमी (१) एवढेच मिळाले, तर बेरीज ६ आणि सरासरी २. दोन्ही ठिकाणी पाणी सारखेच स्वच्छ दिसत असले, तरी या दोन आकड्यांतले अंतर कोणालाही कळण्यासारखे आहे. पुढे युरोपीय संघाने २००० साली केलेल्या जलविषयक कायद्याने नदीची स्थिती ठरवताना तळजिवांची पाहणी सक्तीची केली.

अशा पाहणीची खरी ताकद इंग्लंडमधल्या केनेट नदीवर २०१३ साली दिसून आली. थेम्सच्या या उपनदीवर स्थानिक स्वयंसेवक नियमितपणे तळजीव मोजत असत. त्या जुलैमध्ये मार्लबरो गावाखालच्या पट्ट्यात झिंगे आणि कीटकांची पिल्ले जवळजवळ नाहीशी झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी सरकारी यंत्रणेला कळवले. तपासात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सापडले आणि सुमारे १५ किलोमीटरच्या पट्ट्याला त्याची झळ पोहोचल्याचे उघड झाले. वाळवी मारण्यासाठी भारतातही वापरले जाणारे हे औषध पाण्यात अत्यल्प प्रमाणात असले तरी कीटक आणि झिंगे मारते, आणि नेमके तेच औषध शोधायचे असे आधी ठरवल्याशिवाय नेहमीच्या रासायनिक चाचणीत ते दिसत नाही. त्याचा पहिला सुगावा लागला तो जाळे आणि पांढरे ताट घेऊन नदीत उतरणाऱ्या सामान्य नागरिकांना.

यमुनेच्या काठी तयार झालेले भारतीय निकष

भारतात या पद्धतीची पायाभरणी यमुनेवर झाली. यमुनोत्रीपासून प्रयागपर्यंत १,३७६ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचा वझिराबाद ते ओखला हा दिल्लीतला पट्टा अवघा २२ किलोमीटरचा, म्हणजे एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. पण नदीतल्या एकूण प्रदूषणाचा सुमारे ८० टक्के भार तेवढ्या टप्प्यात तिच्यात पडतो. हिमालयातला खळाळता प्रवाह, दिल्लीतला काळा गाळ आणि इटावाच्या खाली चंबळचे पाणी मिळाल्यावर पुन्हा सावरणारे पात्र, अशा तिन्ही अवस्था एकाच नदीत असल्याने ती या अभ्यासाला अगदी योग्य होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८० चे दशक संपताना नेदरलँड्सच्या सहकार्याने तिथे काम केले आणि त्यातून भारतीय नद्यांसाठी जैविक जलगुणवत्ता निकष तयार झाले.

या निकषांत दोन आकडे लागतात. पहिला सॅप्रोबिक गुणांक. तो वर सांगितल्याप्रमाणे कुलांच्या गुणांची सरासरी असून शून्य ते दहाच्या दरम्यान येतो. दुसरा विविधता गुणांक. तो शून्य ते एकच्या दरम्यान असतो आणि तो काढण्यासाठी जिवांची नावेही माहीत असावी लागत नाहीत. ताटातून एकेक जीव उचलून तो आधीच्यासारखाच आहे की वेगळा, एवढेच पाहायचे. वेगळा निघाला की नवा गट सुरू झाला असे धरायचे, आणि शेवटी गटांच्या संख्येला एकूण जिवांच्या संख्येने भागायचे. समजा, दहा जीव या क्रमाने आले: मेफ्लाय, मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, गोगलगाय, गोगलगाय, मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, टाचणी, टाचणी, मेफ्लाय. इथे सात गट झाले, म्हणून गुणांक ०.७. दुसऱ्या ताटात चार रक्तकृमी, एक गोगलगाय आणि पुन्हा पाच रक्तकृमी आले, तर गट तीनच आणि गुणांक ०.३. सातवी-आठवीतल्या विद्यार्थ्याला सहज करता येईल असे हे गणित आहे.

दोन्ही आकडे मिळून नदीला पाचांपैकी एक वर्ग मिळतो आणि नकाशावर दाखवण्यासाठी प्रत्येक वर्गाला रंग ठरवून दिलेला आहे. सॅप्रोबिक गुणांक ७ किंवा अधिक असलेले स्वच्छ पाणी ‘अ’ वर्गात, निळ्या रंगात येते. ६ ते ७ गुणांकाचे किंचित प्रदूषित पाणी फिकट निळ्या, ३ ते ६ चे मध्यम प्रदूषित हिरव्या, २ ते ५ चे आणि विविधता ०.४ किंवा कमी असलेले अति प्रदूषित पाणी नारिंगी, तर ० ते २ चे पराकोटीचे प्रदूषित पाणी लाल रंगात दाखवले जाते. स्वच्छ वर्गासाठी विविधतेची अट ०.२ इतकी सैल ठेवली आहे, कारण डोंगरातल्या उगमापाशी थंड आणि वेगवान पाण्यात मुळातच थोडे प्रकार राहू शकतात, आणि त्यांच्या कमतरतेचा दोष प्रदूषणाला देणे चूक ठरेल.

यमुनेतल्या तळजिवांनी एकदा साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले होते, ते ताजमहालमुळे. २०१६ मध्ये ताजच्या यमुनेकडील संगमरवरी भिंतींवर हिरवट डाग पडू लागले. ते कायरोनोमिड कुळातल्या कीटकांच्या विष्ठेचे होते, आणि हे कीटक शेजारच्या यमुनेच्या साचलेल्या, घाणीने भरलेल्या पाण्यात पैदा होत होते. भिंती धुऊन डाग निघाले. पण कीटकांचे थवे हे नदीच्या तळाने उघड्यावर मांडलेले निवेदन होते, आणि त्याचे उत्तर भिंत धुऊन मिळणारे नव्हते.

मर्यादांचे भान

ही पद्धत सर्वज्ञ नाही, हे तिच्या अभ्यासकांनीच वेळोवेळी सांगितले आहे. नदी आजारी आहे हे तळजीव सांगतात, पण कोणत्या रसायनाने, हे सांगत नाहीत. ते शोधायला प्रयोगशाळाच लागते. पाण्यात रोगजंतू आहेत की नाहीत, याचाही निवाडा त्यांच्यावरून होत नाही. म्हणून स्टोनफ्लाय सापडली म्हणजे ते पाणी न उकळता प्यायला हरकत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. ऋतूचा परिणाम मोठा असतो. आपल्याकडे पावसाळ्यातला पूर तळ खरवडून नेतो, त्यामुळे पाहणी हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला करणे इष्ट ठरते. खळाळातले जीव वेगळे आणि डोहातले वेगळे असतात, म्हणून खळाळाची तुलना खळाळाशीच व्हायला हवी. वाळूउपसा झालेल्या किंवा काँक्रीटने बांधून काढलेल्या पात्रात पाणी कितीही शुद्ध असले तरी राहायला जागाच नसल्याने जीव मिळत नाहीत. अशा ठिकाणी कमी गुण हे पाण्याच्या नव्हे, तर पात्राच्या विध्वंसाचे निदर्शक असतात. शिवाय परदेशी गुण जसेच्या तसे वापरणे धोक्याचे आहे, कारण सह्याद्रीतल्या जिवांची सहनशक्ती इंग्लंडमधल्या त्यांच्या भाईबंदांइतकीच असेल असे नाही. इथल्या निर्मळ ओढ्यांची आधी नोंद करून तिच्याशी इथल्या नद्या ताडून पाहिल्या पाहिजेत.

महाराष्ट्रासाठी याचा अर्थ

असे निर्मळ ओढे महाराष्ट्राला घरचेच आहेत. गोदावरी, भीमा, कृष्णा आणि त्यांच्या अनेक उपनद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावतात आणि थोड्याच अंतरावर मोठ्या शहरांचे सांडपाणी पोटात घेतात. पुण्याची मुठा टेमघरच्या डोंगरातून निघून संगमापर्यंत येते, ते अंतर मोटारीने दोन-अडीच तासांत पार होते. एकाच दिवसात उगमाकडचा आणि शहराखालचा तळ पाहून तुलना करता येईल, इतके हे सारे जवळ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले गेले आणि त्यांत सर्वाधिक, म्हणजे ५५, महाराष्ट्रातले होते. ही यादी बीओडीच्या आकड्यावर बेतलेली आहे. एका लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा बीओडी अधिक असेल तर पट्टा प्रदूषित धरला जातो. हा आकडा आवश्यकच आहे. पण सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभारल्यावर आकडा उतरला म्हणून नदी बरी झाली असे जाहीर करण्याआधी तळाचे मत घेतले गेले पाहिजे. नदीत मेफ्लाय परतली की मगच तिची प्रकृती सुधारली असे म्हणता येईल.

या कामाला लागणारी सामग्री थोडी आहे: बारीक जाळी, पांढरे ताट, भिंग, चिमटा आणि ओळखीचा सचित्र तक्ता. पाणी घोट्याएवढे असेल अशा खळाळात जाळे प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायचे, त्याच्या वरच्या अंगाचे गोटे पायाने हलवायचे, सुटून वाहत आलेले जीव ताटात घेऊन मोजायचे आणि मोजून झाल्यावर पुन्हा पाण्यात सोडायचे. शितावरून भाताची परीक्षा करावी, तशीच ही रीत आहे. मात्र शिते योग्य ठिकाणची आणि पुरेशी असावी लागतात. राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यात महाविद्यालय आहे आणि त्यांतल्या अनेकांत प्राणिशास्त्राचा विभाग आहे. जवळच्या नदीचा एखादा पट्टा दर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तपासण्याचे काम अशा विभागांनी अंगावर घेतले, तर पाच-दहा वर्षांत महाराष्ट्राच्या नद्यांची आजवर नसलेली नोंद तयार होईल, आणि तिच्या निमित्ताने गावोगावच्या मुलांना आपल्या नदीत कोण राहते हे कळेल. धोकादायक गाळ आणि रसायने असलेल्या पात्रात मात्र जाणत्यांच्या देखरेखीशिवाय कोणी उतरू नये.

शासनाकडून अपेक्षाही फार मोठी नाही. निकष तयार आहेत, वर्ग आणि रंग ठरलेले आहेत. प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत बीओडीच्या आकड्याशेजारी जैविक वर्गाचा एक रकाना वाढवावा आणि दर वर्षी तो भरून लोकांसमोर ठेवावा.